तिकीट काढण्याआधी पिल्लाचं वय मोजा

मागच्या भागात आपण मांजर पाळायचं की नाही, यावर बोललो होतो. आता तुमच्यापैकी काही जणांच्या घरी पिल्लू आलंही असेल. अभिनंदन! सोफ्याखाली दोन डोळे चमकत असतील, पडद्याचे धागे निघायला लागले असतील आणि पहाटे चार वाजता तुमच्या पायाच्या अंगठ्यावर हल्ला होत असेल. म्हणजे सगळं अगदी ठीक चाललंय, असं समजा.

आता एक प्रश्न. तुमचं गावाला जायचं पुढचं तिकीट कधीचं आहे?

मला हा प्रश्न वेळेवर कोणी विचारला नाही. मी नोकरीसाठी बंगळुरूत राहते, घर नागपूरला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी चिंगीला घरी आणलं, तेव्हा ती नऊ आठवड्यांची होती. दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती आणि घरी जायचं तिकीट मी कधीच काढून ठेवलं होतं. म्हटलं, आठच दिवसांचा प्रश्न आहे, ठेवू कुठेतरी.

मग बोर्डिंगवाल्यांना फोन करायला सुरुवात केली. पहिल्या दोन ठिकाणी एकच प्रश्न आला, "लसीकरण पूर्ण झालंय का? कार्डाचा फोटो पाठवा." चिंगीला तेव्हा एकच डोस मिळाला होता. दोन्हीकडून नकार. तिसऱ्या ठिकाणी कोणी काहीच विचारलं नाही, लगेच "घेऊन या" म्हणाले. मी खूश होऊन जागा बघायला गेले. एका बंद खोलीत एकावर एक पिंजरे रचलेले. चिंगीसाठी जो पिंजरा दाखवला, त्याच्या शेजारच्या पिंजऱ्यातलं मांजर सारखं शिंकत होतं आणि त्याचे डोळे चिकटलेले होते.

जिन्यावरून खाली उतरताना लक्षात आलं, ज्यांनी मला नकार दिला तेच खरे चांगले लोक होते.

पिल्लाची काळजी, त्याचा खाऊ आणि आपण गावाला गेल्यावर त्याची सोय, हे तीन वेगवेगळे विषय वाटतात. पण तिन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. सुट्टीची तयारी बॅग भरताना सुरू होत नाही, ती पिल्लू घरी येतं त्या दिवशीच सुरू होते. कशी, ते आज बघू.

पिल्लाचं कॅलेंडर समजून घ्या

पिल्लू निदान ८ आठवडे आईजवळ असायला हवं, १२ आठवडे राहिलं तर आणखी चांगलं. चावायचं किती, खेळायचं कसं, लिटरमध्ये माती कशी उकरायची, हे सगळं ते आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. त्यामुळे "घेऊन जा लवकर, किती गोड दिसतंय" असं कोणी म्हटलं तरी घाई करू नका.

लसीकरण पहिल्या ६ ते ८ आठवड्यांच्या सुमाराला सुरू होतं. मांजरांची मुख्य लस तीन आजारांवर असते: पॅनल्युकोपेनिया, हर्पिस विषाणूमुळे होणारी सर्दी आणि कॅलिसी विषाणूचा आजार. तिचे डोस दर ३ ते ४ आठवड्यांनी, पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत दिले जातात. रेबीजची लस साधारण १२ आठवड्यांनंतर मिळते. पुढे बूस्टर कधी घ्यायचा, ते तुमचे डॉक्टर कार्डावर लिहून देतात.

एकच लस इतक्या वेळा का, असं तुम्हाला वाटेल. आईच्या दुधातून पिल्लाला काही काळापुरतं संरक्षण मिळालेलं असतं. ते अंगात असेपर्यंत लसीला नीट काम करू देत नाही. हे संरक्षण कोणत्या पिल्लात कधी संपेल, ते बाहेरून कळत नाही. म्हणून ठरावीक अंतराने पुन्हा डोस देतात. एक डोस झाला म्हणजे पिल्लू सुरक्षित झालं, असं नसतं.

"आमचं पिल्लू घराबाहेर जातच नाही" हेही पुरेसं नाही. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू फार चिवट असतो. भांड्यांवर, चादरींवर, जमिनीवर तो कित्येक महिने टिकतो आणि आपल्या चपलांबरोबर घरात येऊ शकतो. उलट्या आणि जुलाब सुरू झाले की लहान पिल्लू एक-दोन दिवसांत हातचं जातं.

आता साधा हिशेब करा. शेवटचा डोस १६ आठवड्यांना. त्यानंतर लसीचा परिणाम व्हायला साधारण दोन आठवडे द्या. म्हणजे पिल्लू चार महिन्यांचं होऊन गेल्याशिवाय त्याला बोर्डिंगमध्ये ठेवायचा विचारच करू नका. दिवाळीत चिंगी बारा आठवड्यांची होणार होती. हा हिशेब मी तिला आणण्याआधी केला असता, तर तिला दिवाळीनंतर आणलं असतं. तुम्ही अजून पिल्लू आणलं नसेल, तर आधी कॅलेंडर उघडा.

याच काळात आणखी दोन तारखा लिहून ठेवा. जंताचं औषध साधारण दोन महिन्यांपर्यंत दर दोन आठवड्यांनी आणि मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला द्यावं लागतं. ते वजनावर ठरतं, त्यामुळे शेजारच्यांच्या मांजराचं उरलेलं औषध देऊ नका. दुसरी तारीख नसबंदीची. मादी पिल्लू चार-पाच महिन्यांचं असतानाच माजावर येऊ शकतं. म्हणून शेवटच्या डोसला गेलात की तेव्हाच डॉक्टरांना याबद्दल विचारून घ्या.

पहिला आठवडा एकाच खोलीत

नवीन पिल्लाला पहिल्या दिवशी अख्खं घर दाखवायची गरज नाही. एक शांत खोली द्या. त्यात पुठ्ठ्याचं एक खोकं, अंथरायला जुना टी-शर्ट, पाणी, जेवण आणि जेवणापासून दूर लिटर बॉक्स. पिल्लू पलंगाखाली जाऊन बसलं तर ओढून काढू नका. तुम्ही जमिनीवर बसा, फोनमध्ये बघत राहा. ते आपणहून वास घ्यायला येईल. घरात लहान मुलं असतील, तर त्यांनाही हाच नियम सांगा: पिल्लाला आपण पकडायचं नाही, पिल्लाने आपल्याकडे यायचं.

लिटर निवडताना एक काळजी घ्या. ओलं झाल्यावर गोळा होणारी बेंटोनाइटची माती फार लहान पिल्लांना देऊ नका, कारण ती सगळं तोंडात घालून बघतात आणि ती माती पोटात फुगू शकते. चार महिन्यांपर्यंत गोळा न होणारं, कागदाचं किंवा लाकडाच्या भुशाचं लिटर बरं. तेच लिटर पुढेही वापरायचं असेल तर उत्तम. बदलायचं झालं, तर थोडं थोडं मिसळत बदला.

आता सुट्टीच्या तयारीची पहिली पायरी. पिल्लाला आणलेली कॅरिअर बॅग माळ्यावर टाकू नका. तिचं दार उघडं ठेवून ती त्याच खोलीत राहू द्या. आत मऊ कापड घाला, अधूनमधून जेवणाची वाटी आत ठेवा. बऱ्याच घरांत कॅरिअर फक्त डॉक्टरांकडे जातानाच बाहेर निघते. मग ती दिसताच मांजर कपाटामागे लपतं आणि तासभर घरभर पळापळ होते. कॅरिअर म्हणजे आपली झोपायची जागा, असं पिल्लाला वाटलं पाहिजे. याचा मला पुढे किती उपयोग झाला, ते सांगतेच.

घरातले धोकेही याच आठवड्यात आवरा:

- खिडक्या आणि बाल्कनीला घट्ट जाळी लावा. ग्रिलच्या गजांमधून पिल्लू सहज बाहेर जातं. मांजर कधी पडत नाही, यावर विसंबू नका.
- सुई-दोरा, लोकर, रबरबँड, मांजा उचलून ठेवा. गिळलेला दोरा आतड्यात अडकतो आणि ऑपरेशनची वेळ येते. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला, तर ओढू नका, तसंच डॉक्टरांकडे न्या.
- वॉशिंग मशीन सुरू करण्याआधी आत हात घालून बघा.
- फिनाईल आणि डांबर गोळ्या मांजरांना बाधतात. फरशी पुसल्यावर ती पाय चाटतात, आणि औषध थेट पोटात जातं.
- लिलीची फुलं घरात आणूच नका. पान, पाकळी, पराग, फुलदाणीतलं पाणी, सगळंच मांजराची मूत्रपिंडं निकामी करतं. मनी प्लांट इतका घातक नाही, पण चावल्यावर तोंडाची आग होते. तो उंचावर टांगा.
- ताप आहे म्हणून पॅरासिटामॉल कधीच नको. आपल्यासाठी साधी असलेली एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. तसंच कुत्र्यांच्या गोचिडांवरचं औषधही मांजराला लावू नका. त्यात बऱ्याचदा परमेथ्रिन असतं आणि ते मांजरांसाठी विषारी आहे.

आणि हो, खेळताना पिल्लाने ओरबाडलं किंवा चावलं, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. पिल्लाची रेबीजची लस झालेली नसेल, तर "घरचंच आहे" म्हणून सोडून देऊ नका.

ताटातलं आधी, खाऊ नंतर

लहानपणापासून आपण माऊ म्हटलं की दुधाची वाटी बघत आलोय. पण आईचं दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांना गाई-म्हशीच्या दुधातली साखर पचत नाही. परिणाम म्हणजे जुलाब. आणि किलोभर वजनाच्या पिल्लाला जुलाब लागले, की अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं. प्यायला साधं, स्वच्छ पाणी हवं, बस्स.

दूध-पोळी, वरण-भात यांवरही पिल्लू वाढत नाही. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरीन नावाचा घटक त्याला प्राण्यांच्या मांसातूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. तुमचं घर शाकाहारी असेल, तर त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. पिल्लासाठी तयार कॅट फूड, वेगळी वाटी आणि वेगळा खण ठेवा. अनेक घरांत हे छान जमतं. पण मांजरालाही शाकाहारी करू, असा हट्ट मात्र त्याच्या तब्येतीवर जातो.

पाकिटावर 'किटन' लिहिलेलंच अन्न घ्या. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडं थोडं, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन-तीन वेळा. ब्रँड बदलायचा असेल, तर सात ते दहा दिवस जुन्यात नवं मिसळत जा.

स्वयंपाकघरातला वजनकाटा इथे फार कामाचा आहे. आठवड्यातून एकदा पिल्लाला डब्यात बसवून वजन करा आणि तारीख घालून फोनमध्ये लिहा. पहिले पाच-सहा महिने पिल्लाचं वजन महिन्याला साधारण ४५० ग्रॅमने वाढतं. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू ९०० ग्रॅमच्या आसपास, तीन महिन्यांचं तेराशे-चौदाशे ग्रॅम. थोडं कमी-जास्त चालतं. पण आठवडाभरात वजन वाढलंच नाही किंवा कमी झालं, तर डॉक्टरांना फोन करा. मांजरं आजार लपवतात, काटा लपवत नाही.

आता ट्रीट, म्हणजे आपला खाऊ. खाऊचा नियम मुलांसारखाच आहे: जेवण झाल्यावर, आणि थोडा. दिवसभराच्या कॅलरीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त खाऊ नको. समजा पिल्लू दिवसाला २०० कॅलरी खातं, तर खाऊ २० कॅलरीचा. पाकिटामागे आकडा लिहिलेला असतो, तो वाचा. पिल्लू घट्ट अन्न नीट खायला लागल्यावर, साधारण अडीच-तीन महिन्यांनंतरच खाऊ सुरू करा. तोपर्यंत त्याच्याच ड्राय फूडचा एक दाणा हातावर ठेवून दिला, तरी तो त्याच्यासाठी खाऊच असतो.

घरचा खाऊ द्यायचा असेल, तर पाण्यात उकडलेलं चिकन. मीठ नाही, हळद नाही, हाड नाही. तुकडा मुगाच्या दाण्याएवढा. उकडलेल्या अंड्याचा छोटासा कणही चालतो. आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊन देऊ नका. कांदा आणि लसूण मांजराच्या लाल रक्तपेशी फोडतात, आणि त्यांचा अर्क रश्श्यात, मटणात उतरलेला असतो. चॉकलेट आणि बेदाणेही दूर ठेवा.

आणि एक गंमत. मांजराला गोड चव कळतच नाही. गोड ओळखणारा जिभेवरचा ग्राहक त्यांच्यात कामच करत नाही, हे २००५ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. त्यामुळे तुमच्या हातातल्या पेढ्याकडे ती टक लावून बघत असेल, तर ओढ तुपाची आणि खव्याची आहे. फराळाच्या ताटातून तिला काही नाही दिलं, तरी तिच्यावर अन्याय होत नाही.

खाऊ वाया घालवू नका, कामाला लावा. कॅरिअरमध्ये गेलं की एक तुकडा. नखं कापू दिली की एक. नाव घेतल्यावर आलं की एक. मात्र ओरडणं थांबावं म्हणून कधीच नाही. ओरडल्यावर खाऊ मिळतो, हे पिल्लू दोन दिवसांत शिकतं.

मी नेमकी तिथेच चुकले. चिंगी म्यावम्याव करायला लागली की मी क्रीमी ट्रीटची ट्यूब उघडायचे. आठवड्याभरात तिने जेवणाच्या वाटीकडे पाठ फिरवली आणि फ्रिजसमोर बसायला लागली. ही सवय मी बंगळुरूतच सोडून नागपूरला गेले. त्याची किंमत कोणी मोजली, ते आता ऐका.

तुम्ही निघालात, पिल्लाचं काय?

बोर्डिंग जमणार नाही म्हटल्यावर मी आठ दिवसांची सुट्टी चार दिवसांवर आणली. वरच्या मजल्यावरच्या आंटींनी दिवसातून चार वेळा यायचं कबूल केलं. मी त्यांना किल्ली दिली, जेवणाचं पाकीट दाखवलं आणि म्हटलं, "ट्रीट इथे आहेत, हवी तर द्या."

पहिल्या दिवशी फटाक्यांच्या आवाजाने चिंगी पलंगाखाली गेली आणि जेवली नाही. आंटींचा जीव कळवळला. त्यांनी ट्यूब उघडली. चिंगीने ती चाटून संपवली, मग दुसरी, मग तिसरी. दुसऱ्या दिवशी जेवणाला तोंड लावलं नाही, खाऊ मात्र हवा होता, आणि संध्याकाळी जुलाब सुरू झाले. मी नागपुरात आईच्या हातची चकली खात होते. आंटींचा फोन आला तेव्हा कळलं, की डॉक्टरांचा नंबर फक्त माझ्याकडे आहे आणि लसीचं कार्ड माझ्या ऑफिसच्या बॅगेत.

आंटींना मांजर उचलायची भीती वाटत होती. पण कॅरिअर खोलीतच उघडी होती. त्यांनी आत वाटी ठेवली, चिंगी वास घेत आत गेली, त्यांनी दार लावलं. डॉक्टरांनी सलाइन दिलं आणि सांगितलं, वेळेवर आणलं. लहान पिल्लू अर्धा दिवसही न जेवता राहिलं, तर डॉक्टरांना फोन करायचा. मोठं मांजर असेल, तर २४ तासांपुढे थांबायचं नाही. हे मला माहीत असायला हवं होतं, आणि आंटींनाही.

त्यात आंटींची काहीच चूक नव्हती. मी त्यांच्या हातात मांजर दिलं, पण माहिती दिली नाही.

म्हणून आता पर्याय नीट बघू.

घरीच ठेवणं. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लासाठी हाच सगळ्यात चांगला मार्ग. पण कोणीतरी मुक्कामाला हवं, किंवा दिवसातून निदान तीन-चार चकरा हव्यात. जेवण टाकणारं यंत्र लावून पिल्लाला एकटं सोडून जाऊ नका. यंत्र जेवण देतं, पण पिल्लू आजारी पडलं तर कोणाला सांगत नाही.

बरोबर नेणं. महिनाभरासाठी जात असाल तर याचा विचार करा. रेल्वे आणि विमान कंपन्यांचे प्राण्यांचे नियम वेगवेगळे असतात, म्हणून आपलं तिकीट काढण्याआधी विचारा, नंतर नाही. गाडीने जात असाल तर कॅरिअर सीटबेल्टने बांधा, निघण्याआधी तीन-चार तास पोटभर जेवण देऊ नका आणि चहासाठी उतरताना पिल्लाला बंद गाडीत ठेवू नका. गावच्या घरी दारं दिवसभर उघडी असतात, अंगणात कुत्री असतात. तिथेही पहिले दिवस एकच खोली, दार बंद, आणि सगळ्यांना तशी सूचना.

बोर्डिंग. लसीकरण पूर्ण झाल्यावर हा चांगला पर्याय आहे. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात जागा लवकर भरतात, तेव्हा आधी चौकशी करा. फोटोंवर जाऊ नका, स्वतः जाऊन बघा आणि हे तपासा:

- ते लसीचं कार्ड मागतात का? तुमचं मागतात, म्हणजे शेजारच्या मांजराचंही मागितलं असणार.
- मांजरं आणि कुत्री वेगळ्या खोल्यांत आहेत का? भुंकणं ऐकू येतं का?
- प्रत्येक मांजराला वेगळी जागा, वेगळं लिटर, लपायला खोकं आणि चढायला उंच फळी आहे का?
- बाहेरच्या दाराआधी आणखी एक दार आहे का? एकच दार असेल, तर ते उघडताच मांजर निसटू शकतं.
- खोलीला वास कसा येतो? तिथलं एखादं मांजर शिंकतंय का?
- तुमचं नेहमीचं अन्न आणि लिटर वापरतील का?
- रात्री तिथे माणूस असतो का? तब्येत बिघडली तर कोणत्या डॉक्टरांकडे नेतात?
- मांजराने किती खाल्लं, शी-शू केली का, हे रोज लिहितात का?

सुट्टीच्या दोन-तीन आठवडे आधी एका रात्रीसाठी ठेवून बघा. तिथे ते जेवलं, तर पुढचं सोपं.

एक कागद फ्रिजवर लावा

पिल्लू कोणाकडेही ठेवा, हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवरही पाठवा:

- जेवणाच्या वेळा आणि मापाची वाटी. "थोडं द्या" असं लिहू नका, "पाव वाटी" लिहा.
- रोजच्या खाऊची मर्यादा. आणखी चांगलं म्हणजे प्रत्येक दिवसाचा खाऊ छोट्या डबीत मोजून ठेवा आणि बाकीचं पाकीट कुलपात टाका.
- जेवण नाही झालं, तर खाऊ नाही. मला फोन.
- शेवटचं वजन आणि तारीख.
- डॉक्टरांचं नाव, पत्ता, नंबर आणि रात्री उघडा असणारा एक दवाखाना. लसीचं कार्ड कागदाशेजारीच.
- उपचारांसाठी तुमची परवानगी आणि खर्चाची सोय. तुमचा फोन लागला नाही, तर निर्णय कोण घेईल, त्यांचाही नंबर.
- लगेच डॉक्टर गाठायची लक्षणं: वारंवार उलट्या, जुलाब, तोंड उघडं टाकून श्वास, सुस्तपणा. बोका असेल तर हेही लिहा: लिटरमध्ये वारंवार बसतो, कुंथतो, पण लघवी होत नाही, तर एक तासही थांबू नका. त्याची लघवी अडली, तर जिवावर बेततं.

बरोबर तुमचा न धुतलेला एक टी-शर्ट द्या. मांजराला घर वासाने कळतं. दिवाळी असेल, तर संध्याकाळी खिडक्या बंद, पडदे ओढलेले आणि लपायला खोकं हवंच. परत आल्यावर आठवडाभर जेवण, शिंका आणि लिटरवर लक्ष ठेवा.

चिंगीचं पुढे काय झालं? दिवाळीत राहिलेला तिचा डोस थोडा उशिरा झाला, शेवटचा डोस झाला, नसबंदी झाली. मे महिन्यात मी पुन्हा नागपूरला गेले, तेव्हा ती नऊ महिन्यांची होती. या वेळी तिला त्या पहिल्या, मला नकार देणाऱ्या ठिकाणीच ठेवलं. एप्रिलमध्ये एक रात्र राहून आली होती. आता कार्ड पूर्ण होतं, खाऊच्या सहा डब्या मोजून दिल्या होत्या. सहाव्या दिवशी तिला आणायला गेले, तर तिथली ताई हसत म्हणाली, "हिने रोज वाटी चाटून साफ केली."

घरी आल्यावर तिने अर्धा दिवस माझ्याकडे बघितलंही नाही. रात्री मात्र माझ्या उघड्या सुटकेसमध्ये जाऊन झोपली. पुन्हा निघायचं नाव काढू नकोस, असंच सांगत असावी.

पण पुन्हा दिवाळी येणार, पुन्हा तिकीट निघणार. तुमचंही निघेल. फक्त या वेळी तारीख टाकण्याआधी लसीचं कार्ड उघडा, पिल्लाचं वय मोजा आणि फ्रिजवर एक कोरा कागद लावून ठेवा. त्यावर पहिली ओळ आजच लिहा: डॉक्टरांचा नंबर.